जुन्या मराठी शोधकांकडून आजच्या उद्योजकाने नेमकं काय घ्यायचं?

बिडाचा फाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

उद्योजकांच्या कुठल्याही मेळाव्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव निघतंच. कष्ट केले, जिद्द सोडली नाही, मोठे झाले, आणि भाषण तिथंच संपतं. पलूस एमआयडीसीत शेतीअवजारांचा लहान कारखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. जिद्द इथं शेजारच्या प्रत्येक शेडमध्ये आहे. या जुन्या माणसांनी कुठली अडचण कशी सोडवली, पैसा कुठून आणला, गिऱ्हाईक कसं वळवलं, यावर तपशिलात बोलावं म्हणून हा धागा काढतोय. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारीच, तेव्हा सुरुवात मीच करतो.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे पुढे कळलं, तेव्हा रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्याच, आज ज्याला व्हीजेटीआय म्हणतो त्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा केला. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

आता माझा पहिला मुद्दा. लोखंडी नांगर ही कल्पना नवी नव्हती, विलायती नांगर आपल्याकडे येत होते. लक्ष्मणरावांनी तो इथं घडवला, इथल्या रानात चालेल असा केला, आणि मोडला तर दुरुस्त करणारा माणूस दोनशे कोसांवर नसून बेळगावात असेल अशी सोय झाली. माझ्या मते शोध यालाही म्हणावं. ज्याने अवजार विकलंय त्याला ठाऊक असतं, शेतकरी किमतीच्या आधी "फाळ झिजला तर मिळणार कुठं" हे विचारतो.

दुसरी गोष्ट: पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, रान नासतं अशी समजूत होती. त्याला आपण सर्रास अडाणीपणा म्हणतो, मला ते पटत नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका रानावर आहे, तो त्या रानात अनोळखी वस्तू घालताना थांबणारच. आजही माझ्याकडचं नवं अवजार कुणी नुसतं बघून नेत नाही. आधी ते पाहुण्याच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या रानात चाललेलं बघतात. तेव्हा ती दोन वर्षं फुकट गेली असं मी मानत नाही, ती गिऱ्हाइकाची खात्री पटवण्यात गेली. आपल्याकडे आज नवा माल काढणारा किती जण ही दोन वर्षं हिशेबात धरतो? कर्जाचा हप्ता तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतो.

नंतर बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचा माळ. तीच आजची किर्लोस्करवाडी. सोबत शंभूराव जांभेकर होते, हिशेबाला मंगेशराव रेगे, आणि शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्रात डोकं चालणारे अनंतराव फळणीकर. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीला ठेवलं, त्यांनी विश्वास राखला. पहिल्या महायुद्धात लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूर दरबाराने पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा ओतकामाला दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे आमच्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात.

आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी हा त्याचा मूळ हेतू. पुढे ते मराठीतलं मोठं मासिक झालं. आज आपण माहितीपत्रक छापतो, गिऱ्हाईक ते वाचत नाही आणि आपण गिऱ्हाइकाला दोष देतो. त्यांनी लोकांना वाचावंसं वाटेल असं काही दिलं, त्यातच मालाची ओळखही दिली.

तुमच्या भागातल्या अशा माणसांबद्दल लिहा. गौरव थोडा, तपशील जास्त.

ठाकूरद्वार

धागा आवडला, पण पहिल्याच मुद्द्याला हरकत आहे. शोधक म्हणायचं आणि सुरुवात किर्लोस्करांपासून करायची? लक्ष्मणराव थोर कारखानदार होते. शोधक हवा असेल तर शंकर आबाजी भिसे घ्या.

जन्म १८६७, मुंबई. लंडनच्या एका नियतकालिकाने सुट्टा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा घेतली होती, त्यात या मुंबईकराचा आराखडा पहिला आला. पुढे लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी पाठीशी राहून मदत केली. भिसेंचं खरं काम छपाईतलं. तेव्हा खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतणं हे वेळखाऊ काम होतं. एकाच वेळी वेगवेगळी अक्षरं भराभर ओतणारं यंत्र त्यांनी उभं केलं. लंडनच्या छपाई धंद्यातल्या लोकांना ते आधी खरंच वाटेना. सर रतन टाटांनी पैसे घातले, 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' निघालं. ते टिकलं नाही. भिसे अमेरिकेला गेले, तिथंही खिळे ओतायच्या यंत्रावर काम केलं, आयोडीनवर आधारलेलं औषध काढलं, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. नावावर चाळीसच्या आसपास पेटंटं.

आमच्या वसईच्या गाळ्यात मसाल्याची पाकिटं भरायची यंत्रं बनतात. वजन करा, सोडा, पाकीट बंद करा. भिसेंनी त्या स्पर्धेत हात घातलेला प्रश्न आजही आमचा रोजचा आहे: मिरचीपूड दमट हवेत चिकटते आणि वजन चुकतं. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

निळं आकाश

शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव अजून कसं आलं नाही? १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं. राईट बंधूंच्या आधी!

ठाकूरद्वार

@निळं आकाश, मी गिरगावातच वाढलो, ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला पक्का पुरावा मिळत नाही. ज्या ग्रंथाशी ते विमान जोडलं जातं, त्यातल्या विमानांच्या रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये तपासल्या. ती उडू शकणार नाहीत असाच त्यांचा निष्कर्ष होता.

मला वाईट याचं वाटतं की ज्या उड्डाणाची नोंद नाही ते प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे आणि ज्याच्या पेटंटच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत, आकृत्यांसकट वाचता येतात, ते भिसे कुणाला ठाऊक नाहीत. यंत्राच्या धंद्यात पडणाऱ्या मुलाला त्या आकृत्या दाखवल्या तर तो तासभर मान वर करणार नाही. हे मी घरीच बघितलंय.

निळं आकाश

पुराव्याचा मुद्दा मान्य. भिसेंबद्दल खरंच काही माहीत नव्हतं, आकृत्या शोधून वाचतो.

झाडीपट्टी

यंत्रांवरच गाडी थांबली म्हणून लिहितो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड-दोन एकराचे धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या लहान शेतात) त्यांना तीन लोंबा वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्याच्या. त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. असं करत करत बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा, शिजल्यावर चवदार वाण तयार झाला. तेव्हा एचएमटी घड्याळाची मोठी ऐट होती, म्हणून धानाला नाव पडलं एचएमटी. आज बाजारात एचएमटी तांदूळ मागणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

हा वाण पाच-सहा राज्यांत गेला. दादाजींना त्यातून काय मिळालं? २००५ साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा ५०,००० रुपयांचा पुरस्कार, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' आणला. आपल्याच बियाण्यातून निवड झाली आणि श्रेय मिळालं नाही, असं दादाजींचं म्हणणं होतं. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. तरी त्यांनी एचएमटीवर थांबून न राहता 'नांदेड ९२', 'डीआरके' असे आणखी वाण काढले.

धान नावाने खपला आणि नाव घड्याळाचं. त्याच्या पोत्यावर दादाजींचं नाव असतं तर?

मी ब्रह्मपुरीकडे बारीक तांदळाची लहान गिरणी चालवतो. ज्या शेतकऱ्याचं धान त्याचं नाव आणि गाव पाकिटावर छापायचं, हे मी दादाजींकडून घेतलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांच्या वाट्याला जे आलं ते बघून.

बिडाचा फाळ

@झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ पुढं काही सुचेना. पाकिटावर नाव छापण्याची गोष्ट मनापासून आवडली.

@ठाकूरद्वार, हरकत रास्त आहे. पण तुमच्या आणि दादाजींच्या उदाहरणातूनच मला एक गोष्ट जास्त स्पष्ट दिसायला लागली. भिसेंची बुद्धी लक्ष्मणरावांपेक्षा कमी नव्हती, कदाचित जास्तच होती. दादाजींची निरीक्षणशक्ती तर कुठल्या प्रयोगशाळेलाही हेवा वाटावी अशी. फरक पडला तो भोवतालच्या माणसांत. लक्ष्मणरावांकडे जांभेकर होते, रेगे होते, फळणीकर होते, जमीन देणारा राजा होता, घरचे भाऊ होते आणि ही सगळी माणसं एका माळावर एकत्र राहत होती. भिसेंना प्रत्येक यंत्राला नवा पैसेवाला शोधावा लागला. दादाजींकडे तर रानाबाहेरचं काहीच नव्हतं.

औंधच्या बाळासाहेबांनी हे एकदाच केलं असंही नाही. कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ साली सुरू झाला, तोही औंधच्याच मुलखात. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरात होता.

रंकाळा

बिडाचा फाळ यांच्या या म्हणण्याला कोल्हापूरचं उदाहरण पक्कं जुळतं.

बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटकांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांनी चित्रपट काढल्यावर या दोघांना ध्यास लागला. विलायती कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. कोल्हापुरात. आनंदराव १९१६ मध्ये वारले, काम अर्धवट. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन ते पुरं केलं. या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

कॅमेरा म्हणजे काय काम आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. फिल्म एका झडपेमागे क्षणभर स्थिर थांबली पाहिजे, मग झडप मिटलेली असताना पुढं सरकली पाहिजे, आणि हे सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा, हाताने दांडा फिरवून. दात्याच्या चाकात केसभर फरक पडला तर पडद्यावर चित्र थरथरतं. हे चाक त्या काळी कोल्हापुरात कातलं गेलं! मी उद्यमनगरात गिअरचं काम करतो. हातात आज संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र असून दहा-वीस मायक्रॉनसाठी आमचा घाम निघतो. त्या माणसांनी हाताने काय केलं असेल याचा विचार आला की मी कामगारांनाही ही गोष्ट सांगतो.

आणि पैसा कुणी दिला? तानीबाई कागलकर, कोल्हापूरच्या गायिका. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती त्यांच्या भांडवलावर. पुढं दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात काढली. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. म्हणजे एक कॅमेरा बनवताना जी माणसं तयार झाली त्यांच्यातून पुढचा सगळा व्यवसाय उभा राहिला.

आज आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावला गाड्यांचं ओतकाम होतं, ते जगभर जातं. पण त्यातला बहुतेक माल दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर बनतो. बाबूरावांची आठवण काढायची असेल तर स्वतःचं ड्रॉइंग असलेली एक तरी वस्तू प्रत्येक कारखान्याने करावी, असं मला कळकळीने वाटतं.

द्राक्षबाग तासगाव

तानीबाईंचा उल्लेख केल्याबद्दल रंकाळा यांचे आभार. भांडवल देणारी बाई इतिहासात पटकन मागे पडते.

मी तासगावकडची. आमच्याकडचा शोधक म्हणजे बोरगावचे वसंतराव आर्वे. थॉम्पसन सीडलेस सगळीकडे होतं. त्यांनी त्याच्यातून लांबट मण्याची वेल निवडून वाण तयार केला, 'तास-ए-गणेश'. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे, आणि गणेश. गाव, माणूस आणि देव, तिघंही नावात. दादाजींचं वाचल्यावर हे मुद्दाम सांगावंसं वाटलं. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका', 'शरद सीडलेस' काढले. त्यांतला एकही शोध प्रयोगशाळेतला नाही. बागेत रोज फिरणाऱ्या माणसाला शेकडो वेलींतली एक फांदी वेगळी दिसते, तिची काडी तो दुसरीकडे बांधतो आणि पुढची काही वर्षं तिच्यावर नजर ठेवतो.

या वाणांमुळे आमचा सगळा भाग बदलला. द्राक्षाबरोबर बेदाणा आला, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवण आली, कोल्ड स्टोरेज आलं, तासगावला बेदाण्याचे सौदे सुरू झाले. एका माणसाच्या नजरेतून किती जणांच्या चुली पेटल्या त्याची मोजदाद नाही. आम्ही काही जणी मिळून बेदाणा निवडून, प्रतवारी करून लहान पाकिटांत विकतो. आमच्या कामात आर्व्यांकडून काय आलं असेल तर रोज बघायची सवय. कुठल्या शेडचा माल काळा पडतो, कुठल्या दिवशी वारा बदलला, कुठल्या डिपिंगला (द्राक्षं द्रावणात बुडवताना) डाग आला, हे सगळं वहीत लिहिलं जातं. वही नसती तर आमचा धंदा चाललाच नसता.

हिंजवडीकर

सगळे प्रतिसाद वाचले, माहिती खूप मिळाली. तरीही एक शंका आहे. तेव्हा स्वदेशीची लाट होती, संस्थानिक होते, स्पर्धा कमी होती. आज चीनहून आलेलं यंत्र निम्म्या किमतीत दारात पोचतं. १९१० च्या गोष्टी आजच्या स्टार्टअपला कितपत उपयोगी?

बिडाचा फाळ

@हिंजवडीकर, स्पर्धा कमी होती हे मला मान्य नाही. लक्ष्मणरावांसमोर विलायती नांगर होते, आणि त्यांच्यामागे सबंध साम्राज्याचा बाजार होता. बाबूरावांसमोर विलायती कॅमेरे होते. भिसे तर थेट लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये जाऊन लढले. संस्थानिक आता नाहीत हे खरं. पण औंधने जे दिलं ते काय होतं? ओसाड जागा, कर्जाऊ पैसे आणि वेळ. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आज एमआयडीसी आणि बँक देतात, हप्त्याने का होईना. तिसरी कुणी देत नाही. माझ्या मते आजच्या माणसाची खरी अडचण ती आहे. त्यावर उपाय म्हणून मी इतकंच करतो की नव्या अवजाराचा खर्च जुन्या, चालणाऱ्या मालाच्या नफ्यातून काढतो, कर्जातून काढत नाही. लक्ष्मणरावांचाही नांगर हा पहिला माल नव्हता, आधी कडबा कापायचं यंत्र होतं.

चीनच्या यंत्राबद्दल: ते आमच्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चालवून बघा. फाळाचा कोन आमच्या मातीचा नाही.

झाडीपट्टी

मातीच्या मुद्द्याला +१. रोवणीची (भातलावणीची) यंत्रं आमच्या लहान बांध्यांत वळतच नाहीत. ज्याने बांधी बघितली तोच ते यंत्र नीट करेल.

अर्जदार

पेटंट आणि वाणनोंदणीचं काम करतो. दादाजींबद्दल वाचून काही गोष्टी सांगणं गरजेचं वाटलं, कारण इथं बनवणारे बरेच जण आहेत.

शेतीची पद्धत आणि वनस्पतींचे वाण यांना आपल्या पेटंट कायद्यात पेटंट मिळत नाही. वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. शेतकऱ्याने स्वतः निवडलेला वाण त्याच्या नावावर नोंदता येतो आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. संरक्षण धानासारख्या पिकाला १५ वर्षं, द्राक्षासारख्या वेलीला आणि झाडांना १८ वर्षं. दादाजींनी लोंबा निवडल्या तेव्हा हा कायदा नव्हता. आज जो कुणी बांधीत वेगळी लोंब बघतोय, त्याच्यासाठी आहे.

यंत्र किंवा अवजाराचा नवा भाग असेल तर पेटंट, मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. सुरुवातीला तात्पुरता अर्ज करता येतो, त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. एकटी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला शुल्क बरंच कमी आहे. फक्त बाह्य आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी, ती १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून. सगळ्यात महत्त्वाचं: अर्ज करण्याआधी प्रदर्शनात मांडू नका, विकू नका, व्हिडिओ टाकू नका. एकदा जगजाहीर झालं की नवेपणा गेला आणि बहुतेक वेळा पेटंटही गेलं. गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गावपातळीवरच्या शोधकांना अर्जासाठी मदत करते.

ठाकूरद्वार

अर्जदार, उत्तम प्रतिसाद. एक जोड देतो. भिसेंकडे पेटंटं होती, तरी उद्योग टिकला नाही. पेटंट काढावंच, पण त्याने माल विकला जात नाही. बिडाचा फाळ यांचं "भोवतालची माणसं" हे म्हणणं मी आता पूर्ण मान्य करतो. भिसेंना एखादे रेगे आणि एखादे फळणीकर लाभले असते तर मराठी नावाचा छपाईयंत्राचा कारखाना आज जगात असता, असं मला मनापासून वाटतं. शोधक म्हणून मात्र माझ्या लेखी पहिला नंबर अजून भिसेंचाच.

हळदीचं रान

इथं पहिल्यांदाच लिहितोय. वसमतचा आहे, आयटीआय फिटर. आमच्याकडे हळद भरपूर. काढणीला ट्रॅक्टरचं यंत्र वापरतो, पण आमच्या भारी रानात ढेकळं कंदांबरोबर वर चढतात आणि कंद मोडतात. मोडलेल्या कंदाला सौद्यात भाव कमी मिळतो. मी फाळाच्या मागं हलणाऱ्या सळ्यांची चाळण बसवली आहे, ढेकूळ फुटून खाली पडतं. गेल्या हंगामात आमच्याच रानात चालवली, गड्डे बरेच शाबूत निघाले. अजून बाहेर कुणाला दाखवली नाही. डिसेंबरमध्ये मोशीच्या किसान प्रदर्शनात न्यावी असं मित्र म्हणतात. वरचं वाचून भीती वाटायला लागली. आता काय करू? सळ्या वाकतात ही अजून एक अडचण आहे.

अर्जदार

@हळदीचं रान, स्वतःच्या रानात प्रयोग म्हणून चालवलं आणि बाहेर दाखवलं नाही, हे चांगलं केलंत. प्रदर्शनाआधी तात्पुरता अर्ज करा. त्यात चाळण कशी हलते, तिला गती कुठून मिळते, सळ्यांमधलं अंतर किती आणि का, हे आकृतीसह लिहा. हाताने काढलेली आकृती सुरुवातीला चालते, फक्त स्पष्ट हवी. अर्ज क्रमांक मिळाला की मोशीला बिनधास्त जा. तोवर इथंही फोटो टाकू नका. मला व्यक्तिगत निरोप करा, अर्जाचा मसुदा बघून देतो, त्याचे पैसे नकोत.

रंकाळा

सळ्या वाकतात म्हणजे साधी एमएसची (मऊ पोलादाची) सळई वापरली असणार. स्प्रिंग स्टील घ्या, ईएन ४५ किंवा त्याच जातीचं, आणि पाणी नीट द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला सांगा. टोकाशी वेल्डिंग असेल तर तिथंच मोडेल, तेव्हा जोड बोल्टने करा. गती पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून) घेताय का चाकावरून, हे कळलं तर गिअरचं मी सांगू शकतो. अर्ज झाल्यावर सांगा, घाई नाही.

बिडाचा फाळ

@हळदीचं रान, दादा, रंकाळा सांगतात तसं स्टील बदला, पण त्याआधी एक बघा. वाकणं कुठून सुरू होतं, मधून की मुळाशी? मुळाशी वाकत असेल तर सळईचा दोष कमी आणि फाळाचा कोन जास्त असतो. फाळ खोल गेला की सगळं ओझं पहिल्या सळ्यांवर येतं. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, काढणीआधी पाणी किती दिवस तोडता, आणि एका सरीत दोन ओळी आहेत की एक, हे लिहा. यात पेटंटचं काही उघड होत नाही ना, ते अर्जदारांना विचारून घ्या.

अर्ज झाला की यंत्र घेऊन पलूसला या. माझ्याकडे भट्टी आहे, लाकडी पॅटर्न करणारे जुने मिस्त्री आहेत, त्यांना वसमतची माती नवी आहे म्हणून थोडी मातीही आणा. नमुन्याचं ओतकाम माझ्याकडून. तुमची काढणी फेब्रुवारीत सुरू होत असेल तर जानेवारीच्या आत दुसरा फाळ तयार झाला पाहिजे. पहिल्या हंगामात तो विकायचा नाही, तुमच्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन रानांत नुसता चालवायचा. @झाडीपट्टी, तुम्हीही बांध्यांची लांबी-रुंदी पाठवा, रोवणीयंत्राच्या वळणाचं काय करता येतं तेही त्याच वेळी बघू.